भोपळ्याचं झबलं

“भाजी कडू लागली नाही का तुम्हाला?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं, आणि पलंगावर पडलेला नवरा डोळे न उघडता म्हणाला, “लागली.”

“मग?”

“खाल्ली.”

बस्स, एवढंच. डॉक्टरीणबाईंनी सलाइनची चाकी बोटाने जराशी फिरवली. कडू दुधी म्हणजे चेष्टा नव्हे, आतडी सोलून निघतात, रक्ताच्या उलट्या होतात, वेळेवर आणलंत म्हणून निभावलं, असं सगळं पाढे म्हटल्यासारखं सांगितलं आणि त्या पुढच्या पलंगाकडे वळल्या. उशाशी उभी असलेली त्याची बायको मात्र त्या एका शब्दापाशीच थांबली. लागली. म्हणजे पहिल्या घासालाच कळलं होतं. जिभेने सांगितलं होतं, घशानेही सांगितलं असणार, आणि तरी हा माणूस घासामागून घास गिळत राहिला. तिच्या नखांत अजून प्लास्टर होतं. शेजारच्या दिवेवालीचा फोन आला तेव्हा ती कवळ्यांच्या कारखान्यातल्या आपल्या टेबलाशी, कुणाच्या तरी खालच्या जबड्याच्या ठशावर मेणात दात बसवत होती; तशीच ॲप्रनसकट उठून आली. दिवेवालीनेच त्याला मागच्या दारात पोट धरून वाकलेला बघितलं आणि आपल्या गाडीत घालून इथे आणलं होतं. सकाळी कामाला निघताना मोरीत दिसलेलं त्याचं ताट तिला आता आठवलं. बोटाने निपटून घेतल्यासारखं लख्ख. तेव्हा तिला बरंच वाटलं होतं. म्हटलं, चला, जेवतोय तरी. त्याची आई गेल्यापासून तो पानात काही ना काही टाकायचाच. आणि ज्या दिवशी टाकायला हवं होतं, नेमका त्याच दिवशी शहाण्याने घासभरही टाकलं नाही.

आणि तिने? तिने ती भाजी जिभेवरही ठेवली नव्हती. या घरात आल्यापासून तिने दुधी म्हणून खाल्लेला नव्हता. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी मागच्या अंगणातला कोवळा दुधी मोठ्या अप्रूपाने तिच्या पानात वाढला, आणि ती म्हणाली, मला नाही आवडत दुधी. सासूबाई म्हणाल्या, आमच्याकडे सगळ्यांना आवडतो. साधीच वाक्यं. पण सासूबाई जन्मभर टपाल कचेरीच्या खिडकीत बसलेल्या, रांगेतल्या शेवटच्या माणसालाही जागेवरून दटावणाऱ्या; आणि ही कवळ्या बनवणारी, दुसऱ्याच्या हिरडीला चपखल बसेपर्यंत घासणं न सोडणारी. दोघींपैकी कुणीच माघार घेतली नाही. विळ्या-भोपळ्याचं सख्य घरोघरी असतं, त्यांच्या घरात खरोखरीचा भोपळा होता एवढंच. पुढे स्वयंपाक तिच्याकडे आला. दुधी तीच चिरायची, तीच शिजवायची, मीठ अंदाजाने घालायची, चाखायची मात्र नाही, आणि आपल्यापुरती दोन वांगी वेगळी परतून घ्यायची. दुधी खरंच आवडत नव्हता की त्या दिवशी नुसतं बोलून गेली होती, हेही आता तिला धड आठवत नव्हतं. सासूबाई गेल्या, तरी ती वांगीच परतत राहिली.

संध्याकाळी नणंद आली. नवऱ्याची धाकटी बहीण, आवाज थेट आईचा. भावाच्या कपाळावरून हात फिरवून झाल्यावर तिने हिला बाहेर बोलावलं.

“वहिनी, चाखून नाही बघितलीस?”

“नाही.”

“अगं, पण स्वयंपाक करणारं माणूस चाखतं की!”

“मी दुधी खात नाही. तुला माहीत आहे.”

नणंद जरा जवळ सरकली. मग हळू म्हणाली, “आईचं बी आहे ते. आई होती तोवर एक फळ कधी कडू निघालं नाही, एक नाही. आता घरी गेलीस की पहिलं काम कर. तो वेल उपट आणि उरलंसुरलं बी कचऱ्यात घाल. दादाच्या नजरेलाही पडायला नको.”

आतून नवऱ्याचा आवाज आला, “उपटून टाक.” त्याने सगळं ऐकलं होतं. नणंद पुढे काही बोलली नाही, पण न बोललेलं वाक्य ती जाईपर्यंत दोघींच्या मध्ये उभं होतं: आई गेली, वेल तुझ्या हाती आला आणि विष झाला. त्याच्याही मनात हेच असेल का? कडू लागल्यावर त्याने बायकोला हाक मारून विचारलं नाही, थुंकून टाकलं नाही. म्हणजे त्याला वाटलं असेल का, की हिने मुद्दाम केलंय, सासूवरचा शेवटचा राग काढलाय, काढू दे? हा विचार तिला इतका घाण वाटला की हॉस्पिटलच्या नळावर तिने उगाचच चूळ भरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरी येऊन तिने वेलाला हात घातला. मागचं अंगण ते केवढंसं, चार पावलं इकडे, चार तिकडे, पण सासूबाईंनी त्यात मावणार नाही एवढं बसवून ठेवलेलं. भिंतीकडेने भेंडी, फुटक्या बादल्यांत वांगी, अर्ध्या कापलेल्या पिंपात पालक, आणि जुन्या लोखंडी खाटेच्या पट्ट्या उभ्या करून बांधलेला दुधीचा मांडव. सासूबाई गेल्यावर नवरा मागच्या दाराच्या उंबऱ्यापर्यंत यायचा आणि तिथूनच परत फिरायचा, म्हणून तिने म्हटलं, वाळण्यापेक्षा चार दिवस पाणी घालू. चार दिवसांचं दीड वर्ष झालं. भेंडी दिवसाआड तोडली नाही तर सुपारीसारखी होते, पालक मुळापासून उपटू नये, बाहेरची पानं खुडावीत म्हणजे आतली येत राहतात, हे तिला हातांनीच शिकवलं. आणि एक दिवस लक्षात आलं की कामावरून आल्यावर ती पर्ससुद्धा न ठेवता आधी मागे जाते. आज त्याच हातांनी ती तणावे सोडवत होती. वेल सरळ आला नाही. वरचा शेंडा भिंत ओलांडून पलीकडे गेला होता. तिने ओढला तसा दिवेवालीच्या अंगणातला सगळा मांडव हलला. ती बादली उपडी घालून चढली आणि बघते तो दोन्ही वेल गळ्यात गळे घालून. तशीच मऊ पानं, तशीच पांढरी फुलं. फळं मात्र कमरेत आवळलेली, सुरईसारखी.

“सावकाश हं, माझे दिवे तोडाल!” दिवेवाली खालून म्हणाली. वाळलेल्या भोपळ्यांवर जाळी कोरून ती दिवे करायची. “कसे आहेत ते?”

“बरे आहेत. हे तुमचे... हे खातात का?”

“छे! कडू जहर. वाळल्यावर आतून खरवडताना फडकं बांधते मी तोंडाला, तरी दिवसभर चहा कडू लागतो.”

ती बादलीवरच उभी राहिली. दिवेवाली इथे राहायला आली त्याला दीडच वर्ष झालं होतं. सासूबाई गेल्या त्याच्या पुढच्या महिन्यात. आणि मग भिंत, पांढरी फुलं, दिवेलागणीला पलीकडच्या फुलावरून अलीकडच्या फुलावर पराग नेणारे ते जाडे पतंग, हे सगळं एकापाठोपाठ एक असं तिच्या डोक्यात बसत गेलं की तिला वरून खाली उतरायचं भान राहिलं नाही. झबलं! सासूबाई दर हंगामात एका बाळभोपळ्याला झबलं घालायच्या. संध्याकाळी वेलावरचं एक फूल तोडून ते दुसऱ्या, पोटाशी इवलं फळ असलेल्या फुलावर टेकवायच्या, लहान मुलाच्या गालाला पावडर लावावी तसं, आणि मग त्यावर जुन्या मच्छरदाणीची शिवलेली पिशवी चढवून नाडी बांधायच्या. तेच फळ बियाण्याला. तिने एकदा विचारलं होतं, हे कशाला? घालतात. पण कशाला? माझ्या सासूबाई घालायच्या. हिला असल्या उत्तरांचा मनस्वी कंटाळा. दृष्ट लागू नये म्हणून आमच्याकडे भोपळ्याला झबलं घालतात, असं सांगून तिने कारखान्यात सगळ्यांना हसवलं होतं. आणि गेल्या हंगामात बियाण्याचं फळ राखताना मच्छरदाणीच्या त्या पिशव्या तिने फरशी पुसायला काढल्या होत्या. सासूबाईंना तरी कारण कुठे माहीत होतं? इतकी वर्षं आसपास दुसरा भोपळाच नव्हता, झबलं घातलं काय न घातलं काय, फरक पडलाच नसता. ज्या एका वर्षी त्याची गरज पडली, त्याच वर्षी ते घालणारी बाई नव्हती, आणि जी होती ती शहाणी होती. भ्रमाचा भोपळा फुटतो म्हणतात. हिचा आधी वेलावर लागला, चिरला, शिजला, नवऱ्याच्या पोटात गेला आणि मग फुटला.

बियाणंवाल्याने दुकानात तेच सांगितलं. “त्या वर्षी फळ गोडच येतं, ताई. बी बिघडतं. कडूपणा पुढच्या वेलाला येतो.”

“सगळंच बी बिघडतं?”

“सगळं नसेलही. फुलावर दहा ठिकाणचे पराग पडतात, कुठल्या बीला कुठला लागला कोण सांगणार? लावायचं, चाखायचं, कडू तो उपटायचा. पण कशाला एवढा खटाटोप? हे घ्या ना नवीन पाकीट.”

तिने पाकीट हातात घेतलं, उलटंपालटं करून पाहिलं आणि परत ठेवलं. ते घेतलं असतं तर सगळं सोपं होतं. वेल आला असता, दुधी आला असता, नवऱ्याच्या पानात भाजी आली असती. फक्त सासूबाईंचा दुधी तिथेच संपला असता, आणि तोही हिच्या हातून. बाई हयात असताना दोघींनी एकमेकींना काही कमी छळलं नव्हतं, त्याबद्दल तिला आजही फारसा पस्तावा नव्हता. भांडण भांडणाच्या जागी. पण पाठमोऱ्या माणसाचं काही मोडू नये. कारखान्यातल्या मेणाच्या रिकाम्या डबीत गेल्या वर्षीचं उरलेलं बी होतं. ते तिने त्याच संध्याकाळी भिजत घातलं, आणि नवरा घरी आला त्या दिवशी मांडवाखालची माती ओली होती.

त्याने बघितलं, आणि दारातून मागे फिरला. बोलली ती नणंद, फोनवर.

“तू परत लावलास?”

“लावलाय.”

“दादाला मारायचंय का तुला?”

“त्यांना देणार नाही. आधी मी खाणार.”

“तू? तू दुधी खात नाहीस!”

“आता खाईन.”

“आणि तुला कळणार कसं, वहिनी? आईच्या दुधीची चव कशी होती हे तुला कधी माहीत होतं?”

तिने फोन ठेवला. खरंच, ती शोधायला निघाली होती ती एक चव, आणि घरात ती ठाऊक नसलेली एकटी तीच होती. पण कडू कळायला तर जीभ पुरे होती. वेल वाढले, मांडव अपुरा पडला तेव्हा तिने खिडकीच्या गजांना सुतळ्या बांधल्या. पहिलं फळ अंगठ्याएवढं झालं की ती नखाएवढी चकती कापायची, जिभेच्या टोकावर ठेवायची, थुंकायची आणि चुळा भरायची. पहिला वेल कडू. दुसरा कडू. हा कडूपणा औषधासारखा येऊन जाणारा नव्हता. तो जिभेच्या मुळाशी जाऊन बसायचा आणि दिवसभर उठायचा नाही. कामावर दात लावताना तोंडात तो असायचा, पाण्याच्या घोटाला तो असायचा, आणि प्रत्येक वेळी तिला वाटायचं, हा असा नुसता कण नव्हे, ताटभर त्याने खाल्ला. कारखान्यातल्या पॉलिशवाल्याने तिचं वाकडं तोंड बघून विचारलं, आणि सगळी कथा ऐकून म्हणाला, “बाई, कारलं तुपात तळलं, साखरेत घोळलं, तरी कडू ते कडूच.” ती म्हणाली, “कारलं नाही, दुधी आहे,” आणि पुढची कवळी उचलली. कडू वेल ती त्याच दिवशी उपटायची. उपटताना वाईट वाटायचं, कारण वेलाला काय, तो आपला फुलावर आलेला, भरात असायचा. तरी ती उपटायची. मांडव विरळ होत गेला आणि उन्हाचे तुकडे पुन्हा जमिनीवर पडायला लागले.

अशीच एकदा ती थुंकत होती तेव्हा नवरा दारात येऊन उभा राहिला. “किती दिवस थुंकणार आहेस?”

“वेल संपेपर्यंत.” तिने तोंड पुसलं आणि इतके दिवस जे ओठांवर येऊन परत जात होतं ते विचारून टाकलं. “कडू लागली तर खाल्लीत का?”

त्याने उंबऱ्याकडे बघितलं. मग म्हणाला, “मला वाटलं मलाच लागतेय.”

“म्हणजे?”

“आई गेल्यापासून सगळंच तसं लागतं. चहा, भात, काहीही. तुला नाही सांगितलं, उगाच काळजी करशील म्हणून. त्या दिवशी म्हटलं, वेल आईचा, भाजी तुझ्या हातची. यात कडू कुठून येणार? माझीच जीभ बिघडलीय. म्हणून जोर करून खाल्लं. सगळं खाल्लं.”

तिला हायसं वाटलं. इतकं, की ती ओल्या मातीतच खाली बसली. आणि लगेच भयंकर रागही आला. तुझ्या हातची म्हणे! या माणसाने तिच्या हातावर भरवसा टाकून स्वतःच्या जिभेला खोटं ठरवलं होतं, आणि ती वेडी त्याच्या पोटात संशय शोधत बसली होती. तिला रडू फुटलं. त्याला काय करावं ते कळेना. तो उंबऱ्याच्या आतूनच “अगं, अगं” करत राहिला. ती रडून झाल्यावर उठली आणि त्याच्याकडे न बघता म्हणाली, “जीभ तुमची ठीक आहे. मी सिद्ध करून दाखवीन.” आता गोष्ट नुसत्या सासूबाईंच्या दुधीची राहिली नव्हती.

शेवटी एक वेल उरला, पाण्याच्या टाकीमागे, सावलीतला. सगळ्यांत उशिरा उगवलेला आणि अंगाने किरकोळ. तिने त्याची फारशी आशाच धरली नव्हती. हंगाम सरत आला, पानांच्या कडा पिवळ्या पडल्या, तेव्हा त्याला पोटाशी फळ असलेलं एकच एक फूल आलं. त्या दुपारी ती कामावरून लवकर निघाली, आणि चिनी मातीच्या दातांवर रंगाचा हात द्यायचा बारीक ब्रश पर्समध्ये घालून घरी आली. फूल उमलायच्या आधीच तिने त्याला आपला धुतलेला पायमोजा चढवला, म्हणजे दिवेवालीकडचा पतंग शिरायला नको. दिवेलागणीला मोजा काढला, त्याच वेलाच्या दुसऱ्या फुलातले पराग ब्रशावर घेऊन लावले आणि मोजा पुन्हा घातला. फळ धरलं. बोटाएवढं झालं, वितीएवढं झालं. आता अडचण ही, की वेलावर ते एकटंच. कापून चाखावं तर बी कोवळं, गेलं सगळं. न चाखता पिकू द्यावं तर काय राखतोय, अमृत की जहर, याचा पत्ता पुढच्या वर्षापर्यंत नाही, आणि तसं बी ती पुन्हा त्याच्या घरात ठेवणार नव्हती. ती विचार करत राहिली, दात बसवता बसवता, भांडी घासता घासता, आणि उत्तर तिच्या रोजच्या हत्यारांतच निघालं.

सुट्टीच्या दिवशी सकाळी ती मेण कोरायचं कोरणं, स्पिरिटचा दिवा आणि कवळीच्या मेणाची गुलाबी पट्टी घेऊन टाकीमागे गुडघ्यांवर बसली. हे कडू निघालं तर पुढे काही नव्हतं. कोरण्याचं टोक तिने सालीत हळूच फिरवलं, पाण्याचा थेंब आला, आणि तांदळाच्या दाण्याएवढा पांढरा गर बाहेर निघाला. तिने तो जिभेवर ठेवला. डोळे मिटून कडूपणाची वाट बघत बसली. टोकावर काही नाही. मध्ये काही नाही. मुळाशी, जिथे तो नेहमी येऊन बसायचा, तिथेही नाही. पण गोड तरी कुठे होतं? कसलीच चव येत नव्हती. एवढ्या जहराने आपली जीभच मेली की काय, असं मनात आलं आणि ती घाबरली.

“अहो!” तिने हाक मारली. “जरा या.”

तो दारात आला. तिने कोरण्याच्या टोकावरचा दुसरा दाणा वर धरला. त्याचा चेहरा पडला. मग त्याने पायात चपला अडकवल्या, उंबरा ओलांडला आणि वांग्यांच्या बादल्या चुकवत टाकीपाशी येऊन तिच्यासमोर उकिडवा बसला. त्याने आ केला. जन्मभर ती लोकांची तोंडं हाताळत आली होती, प्लास्टरमधली. या तोंडात दाणा घालताना तिने दुसऱ्या हाताने त्याची हनुवटी धरली.

“शंका आली की थुंका. लगेच थुंका.”

तो थुंकला नाही. त्याने दाणा इकडून तिकडे फिरवला, दातांखाली धरला आणि गिळला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

“हाच,” तो म्हणाला.

“हा?”

“हाच गं. आईचा.”

“अहो, पण याला काहीच चव नाही!”

“हो. असाच असतो.”

“नुसतं पाणी आहे हो!”

“मग? दुधी आहे तो.” आणि आई गेल्यापासून पहिल्यांदाच तो हसला, आधी नाकातून, मग खांदे हलवत. तीही हसायला लागली. या पाण्यासाठी, या धड गोड नाही नि धड आंबट नाही अशा गरासाठी दोन धडधाकट बायका एका घरात इतकी वर्षं तोंड फिरवून जेवल्या! सासूबाई आता समोर असत्या तर तिने सांगितलं असतं, खाल्ला बरं का तुमचा दुधी, आणि काहीही विशेष नाही. त्या काय म्हणाल्या असत्या तेही तिला ऐकू आलं आणि हसता हसता तिला उचकी लागली. तिने दिव्यावर मेण तापवलं, भोकात थेंब सोडला आणि बोटाने दाबून सालीबरोबर सपाट केलं. हिरव्या फळावर हिरडीच्या रंगाचा ठिपका दिसायला लागला.

तो अजून तिथेच उकिडवा बसला होता. “अजून एक दाणा काढ ना,” तो म्हणाला. “नीट लागली नाही चव.”

“नाही,” ती मोजा पुन्हा वर चढवत म्हणाली. “बियाण्याचा आहे. पुढच्या वर्षी खा.”